जंगलातील वर्तुळाकार डोंगरवाट एका दिवसात: आखणी घड्याळावर कशी करावी

जंगलातून जाणाऱ्या वर्तुळाकार डोंगरवाटेवर जे गट अंधारात अडकतात, त्यांच्या बहुतेकांची चूक घरीच झालेली असते. त्यांनी किलोमीटर पाहिलेले असतात, पण तास मोजलेले नसतात. आल्या वाटेने परतायचे असेल, तर माथा गाठला की अर्धे काम झाले हे कोणालाही कळते आणि उशीर झाला तर तिथून मागे फिरण्याचे मनातही येते. वर्तुळाकार वाटेवर अशी जागा जमिनीवर दिसत नाही. प्रत्येक वळणावर ‘आता पुढेच जवळ पडेल’ असे वाटत राहते, आणि ते खरे आहे की खोटे हे दमलेल्या माणसाला तिथे उभे राहून ठरवता येत नाही. म्हणून परत फिरण्याची जागा आणि वेळ आधीच कागदावर आखून ठेवावी लागते. पुढचे टप्पे त्यासाठी आहेत आणि ते याच क्रमाने करावेत, कारण प्रत्येक टप्प्याचे उत्तर पुढच्या टप्प्यात लागते.

१. नकाशावर वाटेचे तुकडे पाडा

सर्वप्रथम समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) असलेला नकाशा घ्या. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर, तर १:२५,००० प्रमाणाच्या नकाशावर ४ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. संपूर्ण वाट एकदम मोजू नका. जिथे वाटेचा स्वभाव बदलतो तिथे तिचे तुकडे पाडा: ओढा ओलांडण्याची जागा, खिंड, डोंगरधारेवर चढण्याची जागा, माथा, मोठा फाटा. चार ते सहा तुकडे पुरेसे होतात. प्रत्येक तुकड्यापुढे अंतर, एकूण चढ आणि एकूण उतार असे तीन आकडे लिहा.

येथे नेहमी होणारी चूक म्हणजे सुरुवातीच्या ठिकाणाची उंची माथ्याच्या उंचीतून वजा करून तोच एकूण चढ समजणे. धारेवरची वाट खाली उतरते, पुन्हा चढते, पुन्हा उतरते. यातला प्रत्येक चढ पायांना चढावाच लागतो. शिवाय समोच्च रेषांमध्ये २० मीटरचे अंतर असेल, तर त्याहून लहान टेकाडे नकाशावर दिसतच नाहीत. लांब धारेवर नकाशावरून काढलेला चढ म्हणूनच थोडा कमीच निघतो.

उताराची तीव्रता वाचायलाही शिका. १:५०,००० नकाशावर २० मीटरच्या दोन लगतच्या रेषा २ मिलिमीटर अंतरावर असतील, तर तो उतार सुमारे ११ अंशांचा असतो. रेषा याहून जवळ आल्या की वाट तीव्र झाली असे समजावे आणि त्या तुकड्यावर पेन्सिलीने खूण करावी. ही खूण पुढच्या दोन टप्प्यांत लागेल.

*तपासणी:* सर्व तुकड्यांचा एकूण चढ आणि एकूण उतार यांची बेरीज सारखी आली पाहिजे, कारण तुम्ही निघाल्या जागीच परत येणार आहात. ती येत नसेल तर एखादा तुकडा चुकीचा वाचला गेला आहे.

२. वाट कोणत्या बाजूने फिरायची ते ठरवा

वर्तुळाकार वाट दोन्ही बाजूंनी फिरता येते, पण दोन्ही बाजू सारख्या नसतात. तीव्र आणि घसाऱ्याचा (सुट्या दगडमातीचा) भाग चढताना येईल आणि सौम्य भाग उतरताना येईल, अशी बाजू निवडावी. जिथे हातांचा आधार घ्यावा लागतो असा कातळ चढणे सोपे असते, कारण पाय कुठे ठेवायचा ते डोळ्यांसमोर असते. तोच कातळ उतरताना पायाखालचे दिसत नाही आणि तोपर्यंत मांड्याही थकलेल्या असतात. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, त्यामुळे शेवटच्या तासाभरात गुडघे लटपटू लागतात.

दुसरा विचार पाण्याचा. मोठा ओढा दिवसाच्या सुरुवातीला ओलांडावा. पाणी वाढलेले असेल, तर ते सकाळीच कळते आणि मागे फिरणे सोपे जाते. तोच ओढा शेवटी आला आणि दुपारच्या पावसाने फुगला, तर तुमचे वाहन पलीकडे आणि तुम्ही अलीकडे राहता. बर्फ वितळून येणाऱ्या ओढ्यांना पाणी दुपारनंतर वाढते, म्हणून तिथेही हाच नियम लागतो.

तिसरा विचार शेवटच्या तुकड्याचा आहे. रुंद, मळलेली, फाटे नसलेली वाट शेवटी यावी. उशीर झालाच, तर टॉर्चच्या उजेडात चालण्यासारखी तीच असते.

हे तिन्ही विचार नेहमी एकाच बाजूला कौल देत नाहीत. तसे झाल्यास मी कातळाच्या भागाला अग्रक्रम देतो, कारण वाढलेला ओढा ओसरण्याची वाट पाहता येते, पण थकल्या पायांनी कातळ उतरायचा म्हटले की वाट पाहून काहीही सुधारत नाही.

३. वेळेचा हिशेब तुकड्यानुसार मांडा

हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि सर्वांत जास्त वेळा टाळला जातो. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली मांडलेला साधा नियम आजही आधाराला घेता येतो. मेट्रिक मापांत तो असा: दर ५ किलोमीटरला १ तास आणि त्यावर दर ६०० मीटर चढाला आणखी १ तास. पुढे ब्रिटिश गिर्यारोहक एरिक लँगमुइर यांनी त्यात उताराची दुरुस्ती जोडली. १२ अंशांहून तीव्र उतारावर दर ३०० मीटरला १० मिनिटे वाढवायची आणि ५ ते १२ अंशांच्या सौम्य उतारावर तेवढीच वजा करायची. यातली वजाबाकी जंगलात करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. मुळ्या, ओला पाचोळा आणि आडवी पडलेली झाडे यांमुळे सौम्य उतारावरही तो वेग मिळत नाही.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. वाट १६ किलोमीटरची आहे आणि एकूण चढ ११०० मीटर आहे.

सुरुवातीपासून ओढ्यापर्यंत: ३ किलोमीटर, चढ १५० मीटर, ५१ मिनिटे.
ओढ्यापासून खिंडीपर्यंत: अडीच किलोमीटर, चढ ५५० मीटर, ८५ मिनिटे.
खिंडीतून धारेने माथा ओलांडून पलीकडच्या फाट्यापर्यंत: ४ किलोमीटर, चढ ३०० मीटर, ७८ मिनिटे.
फाट्यापासून सौम्य उतार: साडेतीन किलोमीटर, ४२ मिनिटे.
शेवटची रुंद वाट: ३ किलोमीटर, चढ १०० मीटर, ४६ मिनिटे.

बेरीज ३०२ मिनिटे, म्हणजे ५ तास २ मिनिटे. अनेक जण येथेच थांबतात आणि पाच तासांची चाल आहे असे सांगून नऊ-दहा वाजता निघतात. परंतु हा नियम न थांबता, चांगल्या वाटेवर, सरावाच्या माणसाने चालण्याचा आहे. जंगलातील खडबडीत वाट आणि संमिश्र गट यांसाठी त्याला किमान १.३ ने गुणावे. गटात नवखे असतील किंवा वाट ओली असेल तर १.५ ने. १.३ ने गुणल्यावर चालण्याचा वेळ साधारण साडेसहा तास होतो. दर तासाला १० मिनिटांची विश्रांती आणि अर्ध्या तासाचे जेवण धरून आणखी दीड तास जातो. एकूण ८ तास.

आता सूर्यास्तापासून मागे या. सूर्यास्त साडेसहाला असेल, तर त्याच्या दोन तास आधी, साडेचारला, चाल संपली पाहिजे, कारण दाट झाडीखाली सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीच पायाखालचे दिसेनासे होते. म्हणजे साडेआठ ही निघण्याची अखेरची वेळ झाली. प्रत्यक्षात साडेसातला निघावे. हा जास्तीचा तास रस्ता शोधण्यासाठी, बुटाची नाडी बांधण्यासाठी आणि उशिरा पोहोचणाऱ्या सोबत्यासाठी लागतोच.

*सावधान:* गुणक गटातील सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसासाठी ठरवायचा असतो. सरासरी काढू नका.

४. परत फिरण्याची जागा आणि वेळ लिहून ठेवा

आता प्रत्येक तुकड्याच्या शेवटी दोन आकडे काढा: पुढे जाऊन चाल संपवायला लागणारा वेळ आणि आल्या वाटेने परतायला लागणारा वेळ. वरच्या उदाहरणात खिंडीतून मागे फिरल्यास सुमारे दोन तासांत सुरुवातीला पोहोचता येते, कारण तो भाग जवळपास सगळा उतरणीचा आहे. पुढे गेल्यास विश्रांतीसह ४ तास ३५ मिनिटे लागतात. धारेपलीकडच्या फाट्यावर हे चित्र उलटते: पुढे दोन तासांहून थोडे जास्त, मागे साडेतीन तास. म्हणजे निर्णय घेण्याची खरी जागा खिंड आहे. तिथून धारेवर पाऊल टाकले की पुढच्या दीड-दोन तासांत परतण्याचा मार्ग महाग होत जातो आणि फाट्यावर पोहोचल्यावर तो उपयोगाचा राहत नाही.

साडेचारला चाल संपवायची तर खिंडीतून ११ वाजून ५५ मिनिटांनी तरी निघायला हवे. कागदावर पावणेबारा लिहा. ‘पावणेबारानंतर खिंडीतून पुढे जायचे नाही’ हे वाक्य गटातील प्रत्येकाला आदल्या दिवशी वाचून दाखवा आणि सर्वांची संमती घ्या. हीच चर्चा खिंडीत, माथा समोर दिसत असताना सुरू केली, तर पुढे जाण्याच्या बाजूने बोलणाऱ्याचेच ऐकले जाते.

त्याशिवाय मधून बाहेर पडण्याच्या वाटा नकाशावर शोधा. खाली गावाकडे किंवा गाडीरस्त्याकडे जाणारी मळलेली वाट कुठे फुटते, तिने उतरल्यास सुरुवातीच्या ठिकाणी कसे पोहोचायचे, हे लिहा. नकाशावर तुटक रेषेने दाखवलेली वाट जंगलात आज शिल्लक असेलच असे नाही, म्हणून स्थानिक वनखात्याकडे किंवा अलीकडेच जाऊन आलेल्यांकडे विचारणा केल्याशिवाय तिच्यावर भिस्त ठेवू नका. परवानगी, प्रवेशाची वेळ आणि बंद असलेले भाग यांची चौकशीही याच वेळी करावी.

५. हवामान डोंगराचे पाहा, पायथ्याचे नाही

पायथ्याच्या गावाचा अंदाज धारेला लागू होत नाही. दर १००० मीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते आणि धारेवर वारा असतो. घामाने किंवा पावसाने भिजलेल्या माणसाचे शरीर १० अंशांच्या आसपासच्या तापमानातही धोकादायक रीतीने थंड पडू शकते. मागच्या दोन-तीन दिवसांचा पाऊसही पाहा. ओढ्याचे पाणी आणि कातळाचा निसरडेपणा त्यावरून कळतो.

दुपारी विजांची शक्यता असेल, तर धार त्याआधी ओलांडली जाईल अशी वेळ धरा, अन्यथा दिवस बदला. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. हा अवधी ३० सेकंदांहून कमी झाला की धार सोडून खाली उतरावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे पुन्हा वर जाऊ नये. आसरा घेताना एकटे उंच झाड टाळावे, सारख्या उंचीच्या खुज्या झाडीत विखरून थांबावे.

६. सॅक भरा

सामानाच्या याद्या सर्वत्र मिळतात, म्हणून येथे फक्त जिथे चूक होते तेवढेच सांगतो.

पाणी ताशी अर्धा लिटर धरावे, उष्ण हवेत त्याहून अधिक. आठ तासांच्या चालीला ४ लिटर, म्हणजे पाठीवर ४ किलो वजन. हे वजन टाळण्यासाठी लोक वाटेतल्या पाण्यावर विसंबतात, पण उदाहरणातील ओढा पहिल्या तासाभरातच मागे पडतो आणि धारेवर पाणी नसते. वाटेतले पाणी घ्यायचेच असेल, तर उकळावे किंवा क्लोरीनची गोळी टाकून सूचनेत दिलेला पूर्ण वेळ, साधारण अर्धा तास, थांबावे. नुसतेच भरपूर पाणी पिऊन रक्तातील सोडियम घटू शकते, म्हणून खारट खाणे किंवा क्षार सोबत असू द्यावेत.

हेडटॉर्च प्रत्येकाची स्वतंत्र हवी. मोबाइलचा उजेड त्याऐवजी धरू नये. एक हात अडकतो आणि मदत मागण्याचे साधनही संपते. नवे बूट या चालीसाठी घालू नयेत. सुती कपडे भिजले की ऊब धरत नाहीत, म्हणून वरचा एक कोरडा थर पिशवीत बांधून ठेवावा, निरभ्र दिवशीसुद्धा.

मोबाइलमध्ये नकाशा आधीच उतरवून घ्या आणि तो इंटरनेट बंद ठेवून उघडतो का हे घरी पाहा. फ्लाइट मोडवर बॅटरी बरीच टिकते आणि बहुतेक मोबाइलवर जीपीएस तरीही चालते. मात्र दाट झाडीत आणि खोल घळीत दाखवलेली जागा कित्येक मीटरांनी चुकते. नेमक्या फाट्यावरच ती चूक महागात पडते. कागदी नकाशा आणि होकायंत्र त्यासाठी सोबत हवेत.

*तपासणी:* मागे राहणाऱ्या एका जबाबदार व्यक्तीकडे लेखी चिठ्ठी द्या. तिच्यात वाट, फिरण्याची बाजू, सर्वांची नावे, वाहनाचा क्रमांक, परतण्याची अपेक्षित वेळ आणि ज्या वेळेपर्यंत फोन आला नाही तर मदत बोलवायची ती वेळ असावी. उदाहरणात ती रात्री साडेआठ धरता येईल. ही दुसरी वेळ नसेल, तर घरचे लोक नुसतीच वाट पाहत बसतात.

७. वाटेवर: फाटे आणि घड्याळ

पहिला तास मुद्दाम सावकाश चाला. बोलताना धाप लागत असेल, तर वेग जास्त आहे. टाचेला किंवा बोटाला चुरचुर जाणवताच थांबून चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर लावलेली पट्टी फारशी उपयोगी पडत नाही.

वाट चुकण्याचा प्रसंग कसा येतो ते जवळून पाहण्यासारखे आहे. कोरड्या ओहोळात वाट तिरकी उतरते, पात्रात चार पावले चालते आणि पलीकडच्या काठावर झुडपांमागून वर चढते. पात्र मात्र सरळ, रुंद आणि मोकळे असते. पुढचा माणूस बोलत बोलत पात्रातूनच चालत राहतो, मागचे त्याच्या टाचांकडे पाहत येतात, आणि काठावरच्या झाडावरची रंगाची खूण सर्वांच्या पाठीमागे राहते. मी स्वतः अशा ओहोळात वीस मिनिटे चढलो आहे. दगड मोठे होत गेले, कोणाच्याही पावलाने गुळगुळीत झालेला एकही दगड दिसेना, तेव्हा कुठे लक्षात आले.

यावर तीन सवयी उपयोगी पडतात. प्रत्येक फाट्यावर सर्वांनी एकत्र यावे आणि पुढे निघण्याआधी नकाशावर बोट ठेवून जागा निश्चित करावी. फाटा ओलांडल्यावर दहा-वीस पावलांनी वळून मागे पाहावे, कारण परत फिरायची वेळ आली तर तीच जागा उलट बाजूने अगदी वेगळी दिसते. आणि दहा मिनिटांत खूण, दगडांची लगोर किंवा मळलेल्या वाटेचा पुरावा दिसला नाही, तर शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत मागे जावे. आडवे रान तोडत वाट ‘गाठायला’ जाऊ नये.

प्रत्येक तुकड्याच्या शेवटी प्रत्यक्ष वेळ कागदावर लिहा. ओढ्यापर्यंत ६६ मिनिटे (५१ गुणिले १.३) धरली होती आणि ९० लागली, तर तो उशीर पुढे भरून निघेल असे मानू नका. खिंडीपर्यंतचा वेळही त्याच प्रमाणात वाढवा. ११० मिनिटांचे (८५ गुणिले १.३) १५० होतील हे ओढ्यावरच कळते आणि दिवस हातात असतानाच निर्णय घेता येतो.

*सावधान:* ओढ्याचे पाणी गुडघ्याच्या वर आणि वेगात असेल, तर ओलांडू नका. त्याहून कमी पाण्यात उतरतानाही सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा, म्हणजे तोल गेल्यास सॅक टाकता येते.

८. उतरताना आणि अडचण आल्यास

उतरण्यापूर्वी बुटाची नाडी घोट्यापाशी घट्ट करा, म्हणजे बोटे पुढे आदळत नाहीत. पावले आखूड ठेवा. अपघात बहुधा कठीण जागी होत नाहीत. कठीण जागा संपून सोपी वाट लागल्यावर लक्ष ढळते आणि ओल्या मुळीवरून पाय सरकतो. म्हणून फाट्यानंतरच्या सौम्य उतारावर एक विश्रांती ठरवून घ्या, गरज वाटत नसली तरी.

वाट हरवलीच, तर थांबा, बसा, पाणी प्या आणि शेवटची खात्रीची जागा कोणती होती ते ठरवा. ओढा खाली गावाकडेच जाईल या विचाराने पात्रातून उतरू नका. डोंगरातले ओढे कड्यावरून कोसळतात आणि तिथून वर चढणेही अनेकदा शक्य होत नाही. अंधार झाला असेल, तर कोरडा थर अंगावर चढवून, सॅकवर बसून एका जागी थांबणे सुरक्षित असते. आल्प्समधून आलेला आणि पुष्कळ ठिकाणी ओळखला जाणारा संकटाचा संकेत म्हणजे एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, आणि पुन्हा तेच. उत्तरादाखल मिनिटाला तीन शिट्ट्या येतात.

९. परतल्यावर

चिठ्ठी दिलेल्या व्यक्तीला सर्वांत आधी फोन करा, गाडी सुरू करण्याच्याही आधी. कानामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली आणि गुडघ्यामागे गोचीड चिकटली आहे का ते पाहा; चिकटली असेल, तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढा.

त्याच संध्याकाळी कागदावरच्या नियोजित आणि प्रत्यक्ष वेळा शेजारी मांडा. विश्रांती वगळून चालण्याचा प्रत्यक्ष वेळ नेस्मिथच्या वेळेने भागला, की तुमच्या गटाचा खरा गुणक मिळतो. तो १.३ येतो की १.६, हे त्या कागदाच्या कोपऱ्यात तारखेसह लिहा आणि पुढच्या वाटेच्या तिसऱ्या टप्प्यात तोच आकडा वापरा.